वादी

शुक्रवारी ऊन जरा कलल्यावर
तात्यांना टेकडीवरच्या बागेत नेलं.
एकशे बारा पायऱ्या. त्यांनी मोजल्या,
मी नाही.
मधेच वाकून ठिबकची नळी चाचपली,
रोपाच्या बुडाशी बोट खुपसलं,
म्हणाले, "ह्या पोराला सलाईन लावलंय."

वर कठड्याशी पाटी, अरबीत, खाली बाण.
काय लिहिलंय?
"नदी," मी म्हणालो. "म्हणजे वादी."
"वादी म्हणजे फिर्याद करणारा.
मग प्रतिवादी कोण?"
मी हसलो. ते हसले नाहीत.
चष्मा पुसून खाली नदी शोधू लागले.

खाली होतं ते असं:
गोट्यांचं रुंद, पांढुरकं पात्र,
त्यात लावलेल्या चाळीसेक गाड्या,
दोन जागी क्रिकेट,
मधोमध एकटी बोर, सगळ्या फांद्या एकाच अंगाला,
वेणी धरून कुणी फरफटत नेता नेता
मधेच सोडून दिल्यासारखी.
पलीकडे मस्कतचे उघडे डोंगर, करपलेल्या गुळाच्या रंगाचे,
आणि त्यांच्या फटीत बोटभर समुद्र.

"पाणी?"
"नसतं."
"कधीच?"
"येतं तेव्हा येतं. दोन-तीन तास.
रस्ते बंद, शाळा बंद, ऑफिसचा मेसेज येतो."
"आणि मग?"
"मग परत क्रिकेट."

एकतीस वर्षं तात्यांनी वारणेची पातळी वाचली.
खात्याची सायकल, खात्याची बॅटरी, स्वतःची छत्री.
पावसाळ्यात तासातासाला पुलावर,
सकाळी सातला ऑफिसला फोन:
फूट, इंच, चढ की उतार.
घरातही तीच भाषा.
धाकटीचा ताप, चढ.
माझं गणित, उतार.
आई मिरजेला दवाखान्यात होती त्या आठवड्यात
पूर होता.
वहीत एकही तास गाळलेला नाही.
ती वही मी पाहिली आहे.
हे त्यांना माहीत आहे की नाही,
ते मला माहीत नाही.

"अरे, तो खांब बघ."

रस्ता पात्रात उतरतो तिथे
पांढरा खांब, वर लाल पट्टा, अंगावर आकडे.
रोज गाडीने मी त्याच्या शेजारून जातो.
सात वर्षं.
तात्या पायऱ्या उतरू लागले, न मोजता.

फाटकावर खल्फान, बागेचा रखवालदार,
गळ्यात शिट्टी, हातात खजुराची पिशवी.
तात्यांनी खांबाकडे बोट केलं, भुवया उंचावल्या.
त्याने उठून भिंतीवर हात ठेवला, डोक्याच्या वर,
मग टाचा उंचावून आणखी वर.
वादळाच्या साली. इथवर.
त्याच्या भावाची गाडी. तो हात समुद्राकडे.
दोघांना एकमेकांचा एक शब्द येत नव्हता.
तात्या मान डोलवत होते,
बदलीवर आलेला सहकारी भेटावा तसे.

मग ते खांबाशी जाऊन उभे राहिले
गोट्यांत, चपला सावरत,
आणि खिशातून छोटी डायरी काढली.
चेंडू घरंगळत त्यांच्या पायाशी आला.
"अंकल, बॉल!"
अंकलना ऐकू गेलं नाही.
मी फेकला. चुकीच्या टीमकडे.

"शून्य लिहिताय?"
"शून्य कसं? शून्य म्हणजे पाणी आहे
आणि ते खुणेला टेकलंय.
इथं लिहायचं, प्रवाह नाही."
त्यांनी तसं लिहिलं. वेळ पाच चाळीस.
खाली सही.
मग डायरी माझ्यापुढे धरली,
वाचायला की सही करायला,
ते बोलले नाहीत.
मी पेन घेतलं, आणि तसंच धरून उभा राहिलो.

वर बागेतले दिवे लागले.
कुणीतरी कोळशावर मांस लावलं होतं, त्याचा धूर
पात्रातून संथ वाहत होता, उताराकडे.

"उद्या परत यावं लागेल," तात्या म्हणाले,
"एका नोंदीवरून काही कळत नाही."
त्यांच्या व्हिसाचे अकरा दिवस उरलेत.
"सातला येऊ?"
"पावणेसातला.
सातला ऑफिस वाट बघतं."